न सापडलेली चूक

ओमानमध्ये दुक्मला आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये एकदा कुणीतरी सहज म्हणालं, "नशीब आपलं, आज मटण आहे." साहेब ताट घेऊन त्याच्या मागेच उभे होते. म्हणाले, "नशिबानं नाही आलं मटण. मंगळवार आहे म्हणून आलं. मेसवाल्यानं भिंतीवर तक्ता लावलाय, वाचत जा." एवढं बोलून ते खिडकीजवळच्या त्यांच्या जागी जाऊन बसले आणि नेहमीप्रमाणे आधी कांदा संपवून मग जेवायला लागले.

साहेब आमच्या प्रकल्पावर लिफ्टिंगचे प्रमुख होते. रिफायनरीत घराएवढी यंत्रं क्रेननं उचलून जागेवर बसवायची असतात. कुठली क्रेन आणायची, ती कुठे उभी करायची, वारा किती असला की काम थांबवायचं, हे सगळं त्यांनी ठरवायचं आणि कागदावर सही करायची. मी प्लॅनिंगला. माझं काम त्यांना तारखा देणं, आणि त्यांचं काम बहुतेक वेळा त्या तारखा मोडणं. त्यामुळे पहिलं वर्षभर आमचं फक्त भांडण होतं. मैत्री पत्त्यांमुळे झाली.

मूळचे ते चंद्रपूरकडचे. बोलताना अजून 'काहून' आणि 'करून राहिला' यायचं. पोर्टा केबिनमध्ये टेबलाच्या कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती, आणि तिच्यासमोर काही नाही, फूल नाही की उदबत्ती नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ते मागत नाहीत, मी देत नाही. एकमेकांकडे पाहून राहिलो, एवढंच."

नशिबाचा एवढा राग का, हेही एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आजोबांना गावानं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, की तुझ्या नशिबातच हे आहे. आजोबांनी ती मानली. वडील शाळेत गेले, मास्तर झाले, आणि तो शब्द त्यांनी घराबाहेर काढला. घरात कोणी चुकून नशीब म्हणालं की वडील विचारायचे, "कोणी लिहिलं ते? त्याचं नाव सांग." नाव कुणालाच सांगता यायचं नाही. "तेव्हापासून आमच्या घरी प्रत्येक गोष्टीला कारण लागते," साहेब म्हणाले. "कारण सापडलं की चूक सापडते. चूक सापडली की माणूस सुटतो."

शुक्रवारी दुपारी, नमाज आणि जेवणं उरकली की आमचा पोकरचा डाव बसायचा. ओमानमध्ये जुगाराला सक्त बंदी, कॅम्पमध्ये तर टेबलावर पैसा दिसला तरी दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील. म्हणून आमच्या चिप्स म्हणजे स्टोअरमधले भंगारात काढलेले वॉशर. लहान वॉशर कमी किमतीचे, मोठे जास्त. खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्ये टप्प्याटप्प्यानं पाच पत्ते उघडे पडतात, त्यातून ज्याची जोडणी भारी तो जिंकला. दर टप्प्याला वॉशर लावायचे, नाहीतर पत्ते टाकून डावातून बाहेर पडायचं.

सोपा खेळ साहेब फार अवघड करून टाकायचे. डाव संपला की सगळ्यांनी पत्ते उघडायचे आणि प्रत्येकानं आपण काय विचार करून काय केलं ते सांगायचं. एखादा विचार नीट करून हरला असेल तर साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "छान हरलास." एखादा वेड्यासारखं खेळून जिंकला की मान हलवायचे. "चुकून जिंकलास." ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. नवीन आलेले इंजिनियर गोंधळून जायचे. समोर वॉशरांचा ढीग आणि हा माणूस मयतीला आल्यासारखा बघतोय.

त्या शिवीचा सगळ्यात मोठा धनी इक्बाल. इक्बाल श्रीवर्धनजवळच्या गावातला, साहेबांच्या हाताखाली रिगर. वजन हवेत गेलं की ते गरगर फिरू नये म्हणून त्याला लांब दोर बांधलेले असतात. ते धरून दूर उभं राहायचं, हे त्याचं काम. नंबरचा चष्मा लावायचा आणि वर सेफ्टीचा चष्मा, त्यामुळे कायम दोन चष्म्यांतून बघायचा. पोकरमध्ये हा माणूस पत्ते टाकायचाच नाही. हातात दुर्री-पंजी असली तरी शेवटपर्यंत.

"इक्बाल, टाकून दे," साहेब सांगायचे.

"टाकायचेच तं बसलो कशाला, साहेब? आठवडाभर दोर धरून उभा असतो. शुक्रवारी तरी हात सैल सोडू दे."

"तू शिकणार नाहीस."

"तुम्ही हाव ना शिकायला. एका टेबलावर एक पुरे."

साहेब हसायचे. इतर कुणाला ते असं बोलू देत नसत. इक्बाल जिंकला की घरी फोन लावून जोरात सांगायचा, आज साहेबांना लुटलं. हरला की फोन करायचा नाही.

साहेबांचा खरा खेळ मात्र गोव्यात. दर सुट्टीला मस्कतहून ते आधी गोव्याला उतरायचे, एक दिवस पणजीला नदीतल्या बोटीवरच्या कॅसिनोत काढायचे आणि मग चंद्रपूरची वाट धरायचे. वहिनींना माहीत होतं. त्या म्हणायच्या, "परीक्षा देऊन येतात." एका वर्षी आमची सुट्टी एकदम आली आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. दुपारची वेळ होती. बाहेर ऊन, आत गालिचे आणि थंडगार दिवे, आणि बोट हलतेय की नाही ते कळत नव्हतं.

माझ्या हातात दोन बदाम होते. मध्ये चार पत्ते उघडे पडलेले, त्यांतले दोन बदाम. अजून एक बदाम आला तर पाच बदाम जुळून डाव माझा, नाहीतर माझ्याकडे काहीच नाही. समोर बेळगावचे एक जाडसर गृहस्थ होते, त्यांनी त्यांच्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. मीही सगळ्या लावल्या. शेवटचा पत्ता पडला बदामाची सत्ती. मी दोन्ही हातांनी चिप्स ओढून घेतल्या. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

साहेब दुसऱ्या टेबलावरून उठून आले आणि मला बाहेर कठड्यापाशी घेऊन गेले.

"तो पत्ता किती वेळा आला असता?"

"पाचात एकदा," मी म्हणालो.

"मग बाकीच्या चार वेळा तू आत्ता कुठं असता?"

"पण आला ना, साहेब."

"आला, हेच वाईट झालं. आता तू हे परत करशील."

मला राग आला. परत आत गेलो आणि तासाभरात खरंच तेच केलं. या वेळी चौकट पडली आणि सगळं गेलं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. साहेब शेजारी बसले. म्हणाले, "पहिल्या वेळची चूक दुसऱ्या वेळेला दिसली ना? बहुतेकांना ती दिसतच नाही. ते पत्त्याला दोष देतात आणि घरी जातात." मग स्वतःच्या चुका सांगत बसले. सुरुवातीला हरलेलं भरून काढायला ते बसून राहायचे. राग आला की जास्त लावायचे. समोरचा गरीब दिसला की त्याला भित्रा समजायचे. एकेक चूक कुठल्या डावात सापडली ते त्यांना पाठ होतं. लोक जसे देवस्थानांची नावं सांगतात तसं ते सांगत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी साहेबांना दोन एक्के आले. समोरच्या पोरसवदा माणसाकडे दोन नव्व्या होत्या. दोघांनी सगळं लावलं. शेवटच्या पत्त्याला तिसरी नव्वी आली आणि साहेबांचा दिवसभराचा खेळ साफ झाला. त्यांनी उठून त्या मुलाशी हात मिळवला, लिंबू सोडा मागवला आणि सावकाश प्यायले. "परत दोन एक्के आले तर परत हेच करीन," ते म्हणाले. "निर्णय आपला. निकाल आपला नाही." या माणसाचं काहीच कुणी हिरावून घेऊ शकणार नाही असं मला तेव्हा वाटलं.

दुक्मला जूनपासून वारा सुटतो. बाकी ओमान भाजून निघत असतो तेव्हा तिथे समुद्रावरून गार वारा येतो आणि दिवसच्या दिवस थांबत नाही. वाळू डोळ्यांत, कानांत, जेवणात. त्या दिवसांत क्रेनचं काम म्हणजे वाट बघणं. त्या वर्षी एक मोठं यंत्र चढवायचं राहिलं होतं आणि साहेब माझ्या तारखा एकामागून एक मोडत होते. कंत्राटदाराचा माणूस रोज येऊन "यल्ला, साहेब, यल्ला" म्हणत घाई करायचा. साहेब त्याला चहा पाजून परत पाठवायचे.

मग एका सकाळी वारा पडला. क्रेनवरच्या वारामापकावर आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली. हवामानाचा अंदाजही तोच. साहेबांनी तरी तासभर वाट पाहिली, सगळे दोर स्वतः तपासले, माणसं लांब उभी केली आणि हात वर केला.

यंत्र हवेत असताना एक झोत आला. समुद्राकडून नाही, उलट्या बाजूनं, टेकड्यांकडून. साहेबांनी थांबवण्याची खूण त्याच क्षणी केली, हे सगळ्यांनी पाहिलं. वजन फिरलं, दोराला हिसका बसला आणि इक्बाल ओढला जाऊन शेजारच्या लोखंडी खांबावर आपटला. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दवाखान्याच्या गाडीत साहेब त्याच्याजवळ बसून गेले आणि दुपारी एकटे परत आले.

चौकशीला बाहेरची माणसं आली. त्यांनी कागद पाहिले, वाऱ्याच्या नोंदी पाहिल्या, एकेकाला बोलावून विचारलं. शेवटी निष्कर्ष निघाला की काम नियमानं झालं होतं, कुणाचीही हयगय नाही. आमचे ओमानी मॅनेजर फार भला माणूस. ते साहेबांच्या केबिनमध्ये आले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मक्तूब."

साहेबांना अर्थ माहीत होता, इतकी वर्षं इथे काढलेली. तरी त्यांनी हिंदीत विचारलं, "मतलब?"

"लिखा हुआ है," मॅनेजर म्हणाले.

"किसने लिखा?"

मॅनेजरना वाटलं, साहेबांचं डोकं ठिकाणावर नाही. ते थोडा वेळ हात धरून बसले आणि निघून गेले.

त्यानंतर साहेबांनी चूक शोधायला सुरुवात केली. रोज काम सुटलं की त्या जागेवर जाऊन उभे राहायचे, टेकड्यांकडे तोंड करून. क्रेन चालवणाऱ्याला विचारायचे, दोर देणाऱ्या स्टोअरवाल्याला विचारायचे. एका संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये आले, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले.

"खरं सांग. तुझ्या तारखांचा दबाव होता का माझ्यावर?"

मी म्हणालो, "दबाव असता तर तुम्ही आधीच उचललं असतं, साहेब. किती वेळा मोडल्या तुम्ही माझ्या तारखा."

"म्हणजे नव्हता."

"नव्हता."

त्यांचा चेहरा उतरला. मी हो म्हणायला हवं होतं, त्यासाठीच ते आले होते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला त्यांची समजूत काढायची होती. म्हणून मी म्हणालो, "तुम्हीच सांगता ना, निर्णय आपला, निकाल आपला नाही."

"ते मी चिप्सबद्दल म्हणत होतो रे," ते म्हणाले आणि उठून गेले.

शुक्रवारचा डाव बंद झाला. कुणी ठरवलं नाही, कुणी टेबल लावलं नाही इतकंच. मेसमध्ये लोक त्यांच्याजवळ बसायचं टाळू लागले, कारण बसलं की प्रश्न यायचा. तू असता तर काय केलं असतं? मी कुठं चुकलो? उत्तर सगळ्यांचं एकच, आणि ते ऐकून माणूस आणखी खचलेला बघायला कोणाला आवडेल?

सुट्टीत त्यांनी मला विचारलं, इक्बालच्या घरी येशील का. या वेळी गोवा नव्हतं. मुंबईला उतरून आम्ही गाडी केली आणि श्रीवर्धनकडे गेलो. घर बैठं, कौलारू, पुढे पोफळी. इक्बालचे वडील पडवीत आरामखुर्चीवर बसले होते. त्यांची सगळी उमर मस्कतजवळच्या मत्रहच्या बाजारात कापडाच्या दुकानात गेलेली, त्यामुळे त्यांनी आधी मत्रहची चौकशी केली. बंदराकडचा रस्ता आता कसा आहे, अमुक दुकान आहे का. आम्ही उत्तरं देत होतो. चहा आला, नानखटाई आली.

साहेब शेवटी म्हणाले, "चाचा, काम माझ्या सहीनं झालं."

"सगळं ऐकलंय मी," म्हातारा म्हणाला. "तुमची काय चूक? तुम्ही त्याला भावासारखा वागवलात. त्याच्या नशिबात तेवढंच होतं."

नशीब म्हणणाऱ्या माणसाला साहेबांनी उत्तर दिलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दाराआडून इक्बालच्या बायकोनं विचारलं, "त्यांचं सामान आलं, पण चष्मा आला नाही. नंबरचा. तो कुठं हाय?"

"मी पाहतो," साहेब म्हणाले. "परत गेलो की शोधतो."

आम्ही निघालो तेव्हा म्हातारा काठी टेकत गाडीपर्यंत आला. इकडचं तिकडचं बोलला, मग साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "धाकटा बिनकामाचा बसलाय, आज बाहेरगावी गेलाय. सलीम. तिथं कुठं लावता आला तं बघा. आता घरात दुसरा कोण नाय."

माणगावजवळ साहेब म्हणाले, "सांग, यात बरोबर काय?"

"बोलावलं नाही तर घर चालणार कसं," मी म्हणालो. "आणि बोलावलं तर तोच वारा, तीच जागा."

"मलाही नाही कळून राहिलं," ते म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी चष्म्याचा शोध सुरू केला. इक्बाल आपटला त्या जागी, भर वाऱ्यात, खाली वाकून, बुटानं वाळू सारत. पोरं लांबून बघायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्यांचा चेहरा मला जरा बरा वाटायचा, निदान शोधायला काहीतरी होतं. चष्मा मिळाला नाही. तिथली वाळू एका रात्रीत इकडची तिकडे होते.

सलीमला त्यांनी लावलं. स्टोअरमध्ये, एसी केबिनमध्ये, क्रेनपासून लांब. त्याचा व्हिसा आला त्याच आठवड्यात स्वतःचा राजीनामा दिला. मी पुष्कळ समजावलं. म्हणाले, "माझा आता सही करताना हात थांबतो. थांबलेल्या हातानं सही करणारा माणूस जास्त धोक्याचा." सलीम येण्याआधी ते चंद्रपूरला निघून गेले. दोघांची भेट झाली नाही.

सलीम भावासारखा नाही. कमी बोलतो, पत्त्यांना हात लावत नाही. वर्षभरानं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मला रिगिंगला जायचंय. स्टोअरपेक्षा पगार चांगला. भाईच्या मुलींची शाळा हाय." त्याचा अर्ज माझ्या टेबलावर होता. मी त्याला दोन दिवस थांब म्हणालो आणि साहेबांना फोन लावला.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तू काय सांगितलं?"

"अजून काही नाही. तुम्ही सांगा."

"मी नाही सांगणार," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी अर्ज पुढे पाठवला. बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही. सलीम पहिल्यांदा साइटवर गेला त्या सकाळी साहेबांचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा, जरा कोरडा. "त्याला माझा नंबर दे. काम सुटलं की मला मिस्ड कॉल द्यायचा म्हणावं. रोज. बोलायचं काही नाही."

तेव्हापासून सलीम रोज संध्याकाळी हेल्मेट काढलं की आधी तो मिस्ड कॉल देतो. साहेब उचलत नाहीत. दोनदा रिंग होते, सलीम बंद करतो आणि अंघोळीला जातो. त्यांनी एकमेकांचा आवाज अजून ऐकलेला नाही.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी खोलीत कपडे इस्त्री करत होतो आणि फोन वाजला. साहेब.

"अजून आला नाही," ते म्हणाले. "इथं अंधार पडला. वारा आहे का तिकडं?"

ते मिस्ड कॉलचं विचारत होते. "साहेब, आज शुक्रवार आहे. आज काम नव्हतं. सलीम खाली बसून टीव्ही बघतोय."

"शुक्रवार," ते म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, वहिनी कुणाशी तरी बोलत होत्या. मी इस्त्री बंद केली आणि कानाला फोन लावून जिना उतरून खाली गेलो. सलीमच्या खांद्याला हात लावला आणि फोन त्याच्यासमोर धरला.

"साहेब आहेत," मी म्हणालो. "काहीतरी बोल."